पंचविसाव्या नावाखालचा शिक्का

चौदा डिसेंबर, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. एकत्र आलेली माणसे वेगळी करण्याचा इतका तिटकारा असलेला माणूस राळेगावात दुसरा झाला नाही, हे मला तोवर ठाऊक होते. त्या तिटकाऱ्यात शहाणपण आहे, हे ठाऊक नव्हते.

कापूस खरेदी केंद्रासमोर या माणसाचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात संगणक. सगळे त्यांना चाचा म्हणत. सायकली ते गावागणिक उभ्या करीत आणि एका गावच्या सगळ्या तयार झाल्याखेरीज एकही सोडत नसत. "संगं आले, संगं जा." मालक चिडत, चहा पीत बसत आणि शेवटी खरोखरच एकत्र जात. एका गावची पंगत मोडू नये म्हणून मुलीच्या लग्नात त्यांनी वरपक्षाला तासभर उपाशी ठेवले होते.

त्या वर्षांत कापसाने सर्वांच्या तोंडचे पाणी पळवले होते. विक्रीचा नंबर हुकला की केंद्र माल पुन्हा कधी घेईल याची शाश्वती नसे. नंबरांची यादी संकेतस्थळावर मांडण्याचे काम निवृत्त मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे आले. पानाला पंचवीस नावे आणि खाली केंद्राचा शिक्का, अशी शिस्त मी लावली.

"गुर्जी, गाव काहून तोडून राह्यले?" चाचांनी हरकत घेतली. "गावाचं पान गावाएवढं ठेवा ना."

"मग एक पान नऊ नावांचे आणि एक साठांचे दिसेल."

"दिसू द्या. तुमच्या वर्गात सारे पोट्टे एका उंचीचे होते का?"

मी त्यांना उंचीप्रमाणे उभे करीत असे, हे सांगितले नाही.

त्या सकाळी एक बाई कापसाची बैलगाडी घेऊन आल्या. चाचा मागे चाक खोलत होते. मी बाकावर वर्तमानपत्र वाचत होतो. बाईंनी स्वतःच दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावरची यादी वाचली. त्यांचे गाव पहिले, नाव सव्विसावे, म्हणजे पुढल्या पानावर. भिंतीवरच्या कागदी यादीत शिक्का आला की यादी संपते, हे आमच्याकडे सर्वांच्या अंगवळणी पडलेले. शिक्का पाहून "नाव नाही जी" म्हणत त्यांनी गाडी वळवली.

तासाभराने चाचांनी विचारले, "मावशी कुठं गेली?"

"नाव नाही म्हणून परत गेल्या."

चाचांनी पुढचे पान उघडले. "नाव आहे ना, गुर्जी! आजचाच नंबर आहे!"

आणि ओळीतून एकच सायकल, एकटी, ब्रेक नसलेली, ओढून ते निघाले. हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

खरेदी एकला थांबे. पाऊण वाजता गाडी फाटकात शिरली. मागोमाग चाचा, चपला जमिनीवर घासत.

"गुर्जी, खाली शिक्का होता जी," बाई म्हणाल्या.

"होता. चूक माझी."

चाचांनी एवढेच विचारले, "चहा पेता का, गुर्जी?"

आज दुकान नाही, चाचाही नाहीत. माझ्या कामावर हरकत घेणारे आता कोणी उरले नाही. ते कधीकधी जाणवते. त्या दिवशी चहा संपवून मी त्या गावची एकतीस नावे एका पानावर आणली आणि शिक्का एकतिसाव्या नावाखाली ठेवला.