ब्रशचा पेला
फिनाईलचा वास आला की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. मला कावीळ झाली होती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच सांगितलं की घरात सगळ्यांचेच ब्रश वेगवेगळे ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका, आणि ही बरी झाली की हिला नवा ब्रश द्या. आमच्याकडे सासू, सासरे, नवरा आणि मी, चौघांचे ब्रश बेसिनवर एकाच स्टीलच्या पेल्यात उभे असायचे. घरी आल्याआल्या सासूबाईंनी माझा तेवढा चिमट्यानं उचलला आणि मागच्या संडासाच्या खिडकीत, फिनाईलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवला. बाकीचे तिन्ही पेल्यातच राहिले. पुढे मी बरी झाले, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, नवा ब्रश आणला आणि तो बेसिनवर ठेवायला गेले. त्या म्हणाल्या, "तुहा तिकडंच राहू दे वं. सगळ्याइले काहून बिमार करतं?" नवरा तिथंच दात घासत होता. त्यानं चूळ भरली आणि टॉवेल घेऊन निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यालाच कावीळ झाली. त्याचा ब्रश मी पेल्यातून काढायला लागले, तशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाचं काय लागते?" आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचे दात रोज सकाळी मीच घासून देते. आधी हातमोजे चढवते, सावकाश, त्यांच्या डोळ्यांसमोर.