लायसनवरचे गुण

पोरीचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, अन् मी धाडच्या रस्त्यावर बोंबलत उभी. एक ट्रकवाला थांबला, आम्हाले बुलढाण्याले घेऊन आला. दवाखान्याच्या रस्त्यावर ट्रकले बंदी. त्यानं बंदीच्या बोर्डाले देवासारखे हात जोडले अन् ट्रक आत घातला.

"आता लायसनवर गुण चढतीन," म्हणे.

"मंग चांगलंच हाय न, भाऊ!"

तो हासला. "अवो बाई, हे गुण भरले का लायसन जाते. परत ट्रेनिंगले बसा लागते. माहे भरतच आले."

पोलिसानं शिट्टी मारली. यानं सोताच लायसन पुढं केलं अन् मले म्हणे, "पळ माय! मी शिकीन परत."

पोरीले गुण आला. त्याचं नाव बी मले ठाव नाही. हातची रोजी जात असतानी, परक्या लेकरासाठी तुम्ही घातला असता का ट्रक आत?