पडायला शिकवणारी बाई

नंदाताईंनी माझ्या भावाला पहिल्यांदा खुर्चीवरून पाडलं तेव्हा मी त्यांच्या अंगावर धावून गेले होते. माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे जाहीर आहे. त्या दिवशी तर मी काहीच राखून ठेवलं नाही.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या कारखान्याच्या जागेत मणक्याला मार बसलेल्यांसाठी एक केंद्र आहे. माझा धाकटा भाऊ संदेश तिथे होता. एसी बसवायचं काम करायचा. डोंबिवलीत एका इमारतीच्या छज्ज्यावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पायाला चिमटा काढला तरी ह्याला पत्ता नाही. लघवी नळीने काढायची, बसून बसून जखम होऊ नये म्हणून घडीघडी हातांवर अंग उचलायचं, रोज आरसा धरून मागची कातडी तपासायची, हे सगळं तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलींनी त्याला मन लावून शिकवलं. दंडही चांगले कमावून दिले. मग त्यांनी त्याला नंदाताईंच्या हवाली केलं. चाळिशीची ठेंगणी बाई, स्वतःच चाकाच्या खुर्चीत बसलेली. आल्या आल्या म्हणाल्या, "चल, आता पड."

खाली गादी होती, मान्य. पण पाडलं ना! संदेश गादीवर पालथा पडून हमसून हमसून रडायला लागला.

"अहो, एकदा पडला म्हणून तर इथे आलाय!" मी ओरडले.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर हा कधी ना कधी पडणारच. तेव्हा घरात कोणी नसेल तर?"

आमचं घोडं तिथेच अडलं होतं. संदेशचं बिऱ्हाड कल्याणजवळ मोहन्याला, चाळीत. त्याची बायको संचिता कल्याणला औषधांच्या दुकानात कामाला, आणि आता घर तिच्याच पगारावर. म्हणजे दिवसभर हा एकटा. आमचे बाबा, गुणाजी, गावी संगमेश्वरला असतात. त्यांनी साफ सांगून ठेवलेलं, की एकटा राहू शकत नसेल तर गाडी घेऊन येतो आणि पोराला घेऊन जातो. म्हणजे संचिता इथे आणि हा तिकडे ओटीवर, खाटेवर, छपराकडे बघत. बाबांचंही काही चुकत नव्हतं. त्यांचा पोरगा होता तो.

नंदाताईंशी माझा समेट चहावर झाला. त्या वर्तकनगरच्या. तरुणपणी तिथल्या मंडळाकडून कबड्डी खेळायच्या आणि चढाईला गेल्या की समोरच्या पोरी मागे सरायच्या, असं त्यांनीच सांगितलं. मैदानात कधी फार लागलं नाही. लागलं ते वागळे इस्टेटच्या छापखान्यात, पोटमाळ्यावरून कागद काढताना. शिडी सरकली. पुढे कितीतरी दिवस त्या भावाच्या घरी पलंगावर होत्या आणि आई रात्रंदिवस त्यांची कूस बदलायची. एकदा घरातले सगळे लग्नाला गेले होते, तेव्हा पाण्याचा तांब्या घ्यायला गेल्या आणि पलंगावरून खाली आल्या. संध्याकाळपर्यंत फरशीवर.

"मग चढलात कशा?" मी विचारलं.

"चढले कुठे? नाहीच जमलं. चढले असते तर गोष्ट छान झाली असती," त्या हसल्या. "पण जमिनीवर पडून पडून कंटाळा आला, तशी भीती गेली. दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, मला खाली ठेव आणि तू शेजारी जा. आई रडली, पण गेली. असं रोज. शेवटी एकदाची चढले."

तेव्हापासून ही बाई लोकांना पाडते आहे. पडताना हनुवटी छातीला कशी लावायची इथपासून सुरुवात. मग चढायचं. खुर्चीचे ब्रेक लावायचे, मेलेले पाय हातांनी ओढून जवळ घ्यायचे, डोकं खाली घालायचं की ढुंगण वर येतं. आधी जमिनीवरून पाटावर, पाटावरून स्टुलावर, स्टुलावरून खुर्चीत. पाट त्यांनी मुद्दाम आणलेला, का तर तो प्रत्येक घरात सापडतो. संदेश केंद्रातून निघाला तेव्हा त्याला हे येत होतं. घामाघूम व्हायचा, पण येत होतं.

आणि मोहन्याला गेल्यावर महिन्याभरात तो सगळं विसरला! चाळीने विसरवलं. शेजारी दगडूकाका, तिथल्या जुन्या रेयॉन कंपनीतले कामगार, अजून अंगाने दणकट. संदेश घसरला, भांडं वाजलं, नुसता "आई गं" म्हणाला, तरी काका हजर. बगलेत हात घालून उचलायचे आणि खुर्चीत ठेवायचे. "आमच्या चाळीत माणूस खाली पडून राहत नाय," असं अभिमानाने सांगायचे. ते नसले तर दुसरं कोणीतरी. एवढी माया, कोणाला बोलणार? पण एका दुपारी चाळ हळदीला गेलेली असताना संदेश पडला आणि संचिता कामावरून येईपर्यंत तसाच पडून राहिला. पाट हाताशी असून त्याने ओढला नाही. हे बाबांच्या कानावर गेलं. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले.

मी नंदाताईंना फोन केला. शनिवारी त्या आल्या, बाजूला जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून, मागे घडीची खुर्ची बांधून. खुर्ची सोडायला आम्हाला सांगितलं, पण तिच्यात बसताना कोणाला हात लावू दिला नाही. सगळी चाळ गोळा झाली होती.

"आजपासून ह्याला कोणीही उचलायचं नाही," त्यांनी सांगितलं.

"ओ ताई, आमच्याच्यानं नाय बघवणार," दगडूकाका म्हणाले.

"मग नका बघू. दार लावते."

संचितालाही त्यांनी बाहेर काढलं. आत संदेश एकटा, त्याने आपणहून पडायचं आणि आपणच चढायचं. दार लोटून घेतलं आणि आपली खुर्ची उंबऱ्याला आडवी लावून त्या बसल्या. आतून धप्पकन आवाज आला.

काका पुढे झाले. नंदाताईंनी नुसती मान हलवली. मग पाट घासल्याचा आवाज. स्टूल आडवं झालं. संदेशने नंदाताईंना अशी काही शिवी हासडली की संचिताने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "दार उघडा, मी जाते आत."

"शिव्या देतोय ना? म्हणजे बरा आहे," त्या म्हणाल्या.

मग शिव्याही थांबल्या. आतून काहीच येईना. मी नंदाताईंकडे बघितलं, तर त्यांच्या हाताची बोटं चाकाच्या कडीवर पांढरी पडली होती. एवढ्या लोकांना पाडलेली ही बाई, आणि तिला अजून दर वेळी भीती वाटते! तरी दारातून हलत नव्हती. सबंध चाळ दाराबाहेर उभी होती. लहान पोरंसुद्धा बोलत नव्हती. मी आयुष्यात कुठल्याही देवळात इतकी मनापासून गप्प उभी राहिलेली नाही. धावून जाऊन उचलणं किती सोपं असतं, आणि दाराबाहेर बसून राहायला केवढी छाती लागते, ते मला तिथे कळलं.

स्टूल पुन्हा सरकलं. कण्हल्याचा आवाज, मग काहीतरी जड आदळलं. आणि खटकन ब्रेक सुटला.

नंदाताईंनी खुर्ची बाजूला घेतली. दार उघडलं तेव्हा संदेश खुर्चीत होता. कोपर सोललेलं, शर्ट भिजलेला, एक पाय वाकडाच राहिलेला. दगडूकाका रडत रडत सवयीने हात पुढे करून त्याच्याकडे निघाले.

"काका," संदेश धापा टाकत म्हणाला, "सरका ना जरा. बाहेर येऊ द्या मला."

संचिताने लगेच बाबांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, उद्याची गाडी नको," मी म्हटलं. "संदेश पडला होता. आता खुर्चीत बसलाय."

"कोणी बसवला?"

"कोणी नाही, बाबा. कोणीच नाही."

बाबा म्हणाले, "परत सांग."