लाल दोरा, दोन गाठी

नत्थूजी भोयर बोलता बोलता दोऱ्याला गाठ मारायचे, आणि तीही हाताकडे न बघता. वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात मी फार्मासिस्ट म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ते औषध भांडारात स्टुलावर बसून सलाइनच्या खोक्यांना दोरे बांधत होते. राखीपौर्णिमेला अजून अवकाश आहे, असं मी म्हणालो. तेविसाव्या वर्षी जिभेला हाड नसतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस बाबू. आधी गाठ मारून पाह्य, मंग हास."

त्यांची पद्धत साधी होती. ज्या खोक्यातल्या औषधाची मुदत संपत आली, त्याला लाल दोरा आणि दोन गाठी. ज्याला अजून वेळ आहे, त्याला पांढरा दोरा आणि एक गाठ. लाल आधी द्यायचं, पांढरं मागे ठेवायचं. दोरा पुलगावच्या गिरणीतला. नत्थूजींचे वडील तिथे कामाला होते, त्यांच्या वेळची रिळं घरात पडून होती. आंजीला, त्यांच्या गावी, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू तो लाल रंगात बुडवून अंगणात वाळवायच्या आणि नत्थूजी सकाळच्या बसने येताना पिशवीतून आणायचे. चिठ्ठ्या का लावत नाही, असं मी विचारलं होतं. पावसाळ्यात चिठ्ठी ओलीने सुटते आणि शाई पसरते, शिवाय वॉर्डातून सामान न्यायला येणाऱ्या सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. गाठीचं मात्र सांगितलं नाही. ते मला एका वादळी दुपारी कळलं. वीज गेली, जनरेटर रुसला, भांडाराला खिडकी नाही, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून धावत निरोप आला. मी मोबाइलचा टॉर्च शोधत राहिलो. रॅकवरच्या जागा नत्थूजींना पाठ होत्या; तोवर ते अंधारात दोन गाठी चाचपून इंजेक्शन घेऊन निघालेही होते.

तासाभराने परतले. इंजेक्शन तर दोन मिनिटांत पोचलं असेल, मग इतका वेळ कुठे होता, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं. ती बाळंतीण डोळे उघडेपर्यंत ते वॉर्डाच्या दाराशी उभे होते.

"रॅकवर आलं म्हणजे दवाई पोचली असं नसते बाबू. मानसाले लागू झाली तं पोचली."

मला बाबू म्हणणारं त्या दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. पुढे मी भांडार अधिकारी झालो, त्यांचा वरिष्ठ. चारचौघांत ते मला साहेब म्हणू लागले, पण दार लागलं की पुन्हा बाबू. डब्यातली अर्धी भाकर आणि झुणका माझ्यापुढे सरकायचा, आणि तोंडी लावायला दिवसातली माझी एखादी चूक. माझे वडील लवकर गेले. ती जागा नत्थूजींनी कधी घेतली, ते मला समजलंही नाही.

नागपूरला रुग्णालयांच्या पुरवठा व्यवस्थेवर परिषद भरली, तेव्हा आमच्या दवाखान्यातून माझा निबंध निवडला गेला. विषय अर्थात दोऱ्यांचा. मी त्याला रंगसंकेत प्रणाली असं भारदस्त नाव दिलं, दोऱ्यांचे फोटो काढले, तक्ते केले. नत्थूजींना मीच आग्रहाने सोबत नेलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि गळ्यातलं परिषदेचं ओळखपत्र सारखं सरळ करत होते. हॉटेलच्या त्या थंडगार सभागृहात ते तिसऱ्या रांगेत बसले. माझ्या आधीचे वक्ते मोठमोठ्या कंपन्यांचे, संगणकाच्या पडद्याशिवाय न बोलणारे. त्यांच्यानंतर दोरा घेऊन उभं राहायची मला लाज वाटू लागली होती. खरं तेच सांगतो.

तरी भाषण बरं झालं. मग यवतमाळकडच्या एक परिचारिका उठल्या आणि त्यांनी विचारलं, आमच्याकडे वीज जाते, तेव्हा रंग कसा दिसणार? मी गडबडलो. ज्या गोष्टीने मला पहिल्यांदा थक्क केलं होतं, तीच भाषणात सांगायची राहिली होती. माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. नत्थूजींनी हात छातीशीच ठेवून दोन बोटं वर केली होती.

"दोन गाठी," मी म्हणालो. "अंधारातही हाताला लागतात."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, ही कल्पना मूळ कुणाची? नाव घ्यायला एक क्षण पुरला असता. आंजीच्या एका भांडारपालाची, एवढंच म्हणायचं होतं. पण टाळ्या माझ्यासाठी होत्या आणि त्या कमी होतील अशी मला भीती वाटली. "आमच्या विभागात विकसित केली," असं मी म्हणालो. नत्थूजींची बोटं अजून तशीच वर होती. त्यांनी ती हळूच मिटली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

परतीच्या गाडीत आमच्या बाकावर आम्ही दोघेच होतो. सिंदी स्टेशन मागे गेलं. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"पानी घेता काय, साहेब?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी एक घोट घेऊन बाटली परत दिली.

त्यानंतर त्यांच्या वागण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. डबा पुढे सरकायचा, दोरे येत राहिले, पण दार लागलं तरी मी साहेबच राहिलो. माफी मागायची हे मी रोज ठरवायचो. त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात सगळ्यांदेखत सांगू म्हटलं, तर तिथे पाहुण्यांची भाषणं लांबली आणि मी शाल-श्रीफळ देऊन 'आमचे मार्गदर्शक' एवढंच बोललो. ते आंजीला घरी बसले. अर्ध्या तासाची बस. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ असं करत पावसाळा गेला, हिवाळा गेला. वॉर्डातल्या सिस्टरने फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. झोपेतच गेले म्हणे.

तेरवीला गेलो. जेवणं उरकल्यावर काकूंनी आतून कागदाचं एक पुडकं आणून माझ्या हातात दिलं. त्याला लाल दोरा बांधलेला होता.

"दिवाळीपासून बांधून ठेवलं होतं तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "लवकर द्याचं हाय म्हणत. मी म्हटलं, पाठवून देऊ का कोनाच्या हाती? तं नाई म्हणे, तो येईन."

दोन गाठी होत्या. माझ्या हातून त्या सुटेनात, काकूंनीच सोडवल्या. आत परिषदेचं ते ओळखपत्र होतं आणि वहीचं एक पान. अक्षर मोठं, ओळी तिरक्या.

'बाबू, पुढच्या भाषणात हे सांगजो. प्लास्टिकच्या खोक्यावर दोरा घसरते, कडेच्या खाचेत बांधाचा. नव्या मानसाले रंग नको सांगू, आधी डोळे मिटून गाठ हातात दे. त्या यवतमाळच्या बाईले दोरा पाठवून दे, तिले लागन.'