तुसाचा तालुका

ओढ्यापलीकडे गाव आणि शाळा, अलीकडे आमची वाडी. पावसाळ्यात ओढ्याला उतार नसे, त्यामुळे शाळाही नसे. माझी दोन वर्षं अशीच वाया गेली. घरात नाचणीची आंबील, तीही कधी कधी नुसतं पाणी. आबा, म्हणजे माझे वडील, गवताचे भारे डोक्यावरून लोणावळ्याच्या बंगल्यांवर पोचवत. त्या पायपिटीवर मी पुण्यात बी.ए. झालो. वाडीत माझ्याआधी सही करणाराही कोणी नव्हता. हे मी मिरवतो, लपवायचं कशाला?

मग त्याच गावच्या शाळेत मास्तर झालो. वाडीची सात पोरं अजूनही पावसाळाभर घरीच असत. वाडीला स्वतंत्र शाळा द्या, असा मी लोकल बोर्डाकडे अर्ज केला. बोर्डाचे एक सभासद पाहायला येणार होते. त्यांच्यासाठी मुलांकडून शाळेच्या अंगणात तालुका मांडून घेतला: भाताच्या तुसाचे डोंगर, राखेची इंद्रायणी, एक दगड म्हणजे एक गाव. वडगावला कचेरी. तळेगाव-लोणावळ्याची दिवाबत्ती म्युनिसिपालिटी बघते. टाकवे, परंदवडी अशा गावांचे रस्ते आणि शाळा बोर्डाकडे.

आबा बघत उभे होते. "आपली वाडी कुटं?"

"छापील नकाशात नाही, आबा. गावातच धरतात तिला."

"आन् वढा? बी.ए. झाला न् घरची वाट इसरला व्हय?"

ज्याच्यापायी अर्ज केला, तो ओढाच मी काढला नव्हता. आबांनी राखेची रेघ ओढली, पलीकडे वाडीचा म्हणून एक गोटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभासद आले. खेळ असा, की मी गावाचं नाव घ्यायचं, त्या दगडापाशी उभ्या मुलानं गावाची माहिती सांगून गावच्या दगडापाशी माझ्याकडे यायचं. सगळी आली. आबांच्या गोट्यापासून निघालेली वाडीची पोरं मात्र राखेच्या रेघेशी थांबली.

"या की रे!"

"न्हाई मास्तर. पानी लय हाय."

सभासद हसले. "अरे, राख आहे ती!"

त्यांतली धाकटी पोर म्हणाली, "आता राख हाय. आखाडात या सायेब, मंग दावते."

सभासद उठले आणि थेट ओढ्यावर गेले. ओढा कोरडा होता, पण काठच्या उंबराच्या फांदीत पुराचा पालापाचोळा अडकलेला, त्यांच्या टोपीच्या हातभर वर. बराच वेळ ते मान वर करून बघत राहिले.

बोर्डाची मंजुरी आली आणि पुढच्या जेठात आबांच्या गोठ्याच्या पडवीत वाडीची शाळा भरली. त्या पावसाळ्यात सातही पोरांचा एक दिवस बुडाला नाही.