ताईंचं पहिलं पॅकेज

ऑफिसात सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणायचे. कंपनीच्या जावास्क्रिप्ट पॅकेजांचा, म्हणजे प्रोग्राम लिहिताना पुन्हापुन्हा वापरायच्या तयार कोडच्या गठ्ठ्यांचा, कारभार दहा वर्षं त्यांच्याकडेच होता. प्रत्येक पॅकेजच्या नावाआधी कंपनीचं नाव लागायचं आणि ती फक्त आपल्याच माणसांना मिळायची. त्यातलं पहिलं, तारखा नीट मांडणारं, ताईंनी खिडकीजवळच्या डुगडुगत्या टेबलावर बसून लिहिलं होतं. रजिस्ट्रीवर, म्हणजे सगळी पॅकेजं ठेवायच्या ऑनलाइन कोठारात, तेही त्यांनीच चढवलं होतं.

नवा माणूस पहिल्याच दिवशी हमखास तोंड पाडून यायचा. "ताई, असं पॅकेजच नाही म्हणतंय."

ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या. "आहे तिथेच. तुला ओळखत नाही, म्हणून नाही म्हणतंय. दार बंद आहे एवढंसुद्धा ते परक्याला सांगत नाही. आधी लॉगिन कर, मग माझं डोकं खा."

शुक्रवारी ताई निवृत्त झाल्या. सोमवारी सकाळी घरच्या लॅपटॉपवर, निव्वळ हातांच्या सवयीने, त्यांनी ते पॅकेज मागवायची ओळ टाइप केली. उत्तर आलं, असं पॅकेज सापडत नाही.

चहा घेऊन आलेले यजमान वाकून बघू लागले. "हे तर तुझंच ना गं? काढून टाकलं की काय त्यांनी?"

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आहे तिथेच," त्या म्हणाल्या. "मला ओळखत नाही."