सगळ्यांना आलं का?

केंद्रप्रमुखांनी बैठकीत जाहीर केलं की केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाने ब्लॉग काढायचा आणि आठवड्याला दुसऱ्यांच्या पाच ब्लॉगवर कॉमेंट लिहायची. एकमेकांकडून शिकायचं, असा हेतू. प्रत्यक्षात ग्रुपवर लिंक पडली की ती न उघडताच सगळे ‘खूप छान सर, प्रेरणादायी’ लिहून मोकळे व्हायचे. मीही तेच करायचो. एका सरांनी आई गेल्याचं लिहिलं होतं, त्याखालीही मी ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून बसलो. त्यांनी वर आभारही मानले.

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे, उसाच्या मळ्यांमध्ये आमची दोनशिक्षकी शाळा. तिसरीला मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून हातच्याची वजाबाकी शिकवली आणि ब्लॉगवर फोटोसकट लिहिलं, सगळ्या मुलांना आली. साफ खोटं. सात जणांना आली नव्हती. पलीकडच्या वर्गातल्या बाई जेवणाच्या सुट्टीनंतर त्या सातांना आपल्याजवळ बसवून घ्यायच्या, पुन्हा गठ्ठे सोडायला लावायच्या. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खाली कॉमेंट आली. नाव नाही, नुसतं ‘अनामित’. ‘सर, सगळ्यांना आलं का? खरंच?’

मी मुळातच संशयी. एसटीत शेजारच्याने वेळ विचारली तरी आधी खिसा चाचपतो. प्रथम वाटलं, वरचं कुणीतरी असणार, आता तपासणी लागणार. पण वरच्यांना वाचायला वेळ कुठला? मग उरल्या बाई. त्या मोबाइल पालथा का ठेवतात? माझा तास चालू असताना खिडकीशी का येतात? पुढच्या पोस्टखाली ‘ज्यांना नाही आलं त्यांचं काय केलंत?’ असं आलं, तेव्हा माझी खात्रीच पटली.

डबा खाताना म्हणालो, “बाई, विचारायचं तर तोंडावर विचारा. नाव लपवून कशाला?”

बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा घास हातातच राहिला. “सर, तुमचा ब्लॉग मी एकदाबी उघडला न्हाई. छान छान लिहिते आन् मोकळी होते.”

“मग त्या सातांचं बाहेर कसं गेलं?”

“असं हाय व्हय,” त्या म्हणाल्या. “मग तुमची पोरं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

त्या दिवसापासून सातही जण माझ्या वर्गात मागे बसू लागले. मी मात्र कॉमेंट किती वाजता येते, तेव्हा बाई कुठे असतात, हे डायरीत टिपत होतो. काहीच जुळत नव्हतं, म्हणून संशय आणखी वाढला.

महिन्याभराने दौंडला प्रशिक्षण होतं. चहाच्या वेळी निवृत्तीला आलेले एक गुरुजी जवळ आले. “काड्यांचे गठ्ठेवाले तुम्हीच ना? मी तुम्हाला विचारत असतो. नाव कसं टाकायचं ते मला जमंना. नदीकाठची शाळा हाय, मी एकटाच. तुमचं वाचून गठ्ठे केले, तर निम्म्यांना येईना. म्हंजी माझंच काय चुकतंय का, म्हणून विचारलं.”

खरं सांगतो, मी आधी त्यांच्या हातात रेकॉर्डिंग चालू असलेला फोन आहे का ते पाहिलं. हातात चहा आणि बिस्कीट होतं.

“सात जणांना आलं नव्हतं, गुरुजी,” मी सांगून टाकलं.

ते इतके मोकळे हसले की मला मान वर करवेना. त्यांना महिनाभर स्वतःचीच लाज वाटत होती, आणि ती माझ्या खोटेपणामुळे.

सोमवारी बाईंच्या वर्गात गेलो. “चुकलं माझं. तुमच्यावर उगाच संशय घेतला.”

बाईंनी वह्या तपासताना मान वर केली नाही. “माझी माफी ऱ्हाऊ द्या सर. ती सात पोरं कुठवर आलीत, तेवढं सांगा.”

माझ्या डायरीत महिनाभर नुसत्या बाईंच्या वेळा होत्या.